पाचशे रुपयांची तार

पुण्यात कर्वे रोडवर, सोनल हॉलमध्ये ‘कॉइनेक्स’ भरतं. नाव नाण्यांचं असलं तरी टेबलांवर सगळंच असतं: नोटा, तिकिटं, काड्यापेट्यांचे छाप, जुनी पोस्टकार्डं. माझं काम पोस्टकार्डांचं. आठवडाभर नोकरी करतो, आणि वर्षातून तीन-चार वेळा अशा प्रदर्शनात कुणाच्या तरी टेबलाचा अर्धा भाग भाड्याने घेऊन बसतो.

चांगली कार्डं प्लास्टिकच्या पाकिटात, किंमत लिहून. बाकीची बुटाच्या खोक्यात उभी, ‘कोणतंही २० रुपये’. खरी गंमत या खोक्यांत असते. माणसं तासन्‌तास कार्डं चाळत उभी असतात, खिशात भिंग, आणि तोंडावर काहीही नाही. वीस रुपयांच्या खोक्यात पाचशेचं कार्ड सापडलं तर चेहरा हलू द्यायचा नाही. ते चार फालतू कार्डांच्या मधे ठेवायचं, शंभराची नोट द्यायची आणि पुढच्या टेबलाकडे जायचं. हे मला कुणी शिकवलं नाही. बघून शिकलो. माझ्या खोक्यातूनही लोकांनी अशी कार्डं नेली आहेत आणि मला ते रात्री घरी जाऊन कळलं आहे. वाईट वाटतं, पण राग येत नाही. पुढच्या वेळी खोकं नीट तपासायचं, एवढंच.

मग तोच खेळ मी तेल्हाऱ्यात खेळलो, तर मला झोप का लागली नाही, हा माझा प्रश्न आहे.

तेल्हारा माझं गाव. अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण. वर सातपुडा, खाली पूर्णेचा खारपाणपट्टा, आणि सगळ्या बोलण्याच्या मुळाशी कापूस. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी गेलो, तेव्हा आईने सांगितलं, की आमच्या आळीच्या टोकाचा जुना वाडा पाडणार आहेत. एकेकाळी तिथे अडत होती. वर धाबं, पुढे मोठा ओटा. आता घरात एकट्या काकू. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत, पण लहानपणापासून त्यांना काकूच म्हणतो. त्यांच्या ओट्यावर आम्ही ट्रम्प कार्डं खेळलो, तिथेच भांडलो.

मी गेलो. ‘काकू, जुनी पत्रं-बित्रं काही आहेत का?’ असं विचारलं. त्या म्हणाल्या, ‘दोन पोते तर रद्दीवाल्याले देल्ले बाप्पा. एक तार हाये पाह्य तिथी, खुंटीले.’

तार म्हणजे काय, हे वयाने लहान वाचकांना सांगायला हवं. पूर्वी आलेली पत्रं फाइलीत नसत. एका जाड तारेचं टोक वाकवून, दुसरं टोक अणकुचीदार करून ती खुंटीला टांगत, आणि पत्र आलं, वाचलं, की त्यात ओवून टाकत. सगळ्यात खाली सगळ्यात जुनं. या तारेत दोनशेच्या आसपास कार्डं होती. प्रत्येकाला मधोमध भोक. भोक पडलं की कार्डाची किंमत निम्म्याहून खाली येते, हे पहिलं मनात आलं.

दुसरं मनात आलं ते अंगठ्याने कडा चाळताना. जॉर्ज राजाचं डोकं छापलेली कार्डं. बरीचशी भावाची: अमक्या ठिकाणी आज रुई काय, सरकी काय, आवक किती. काही मोडीत, मला न वाचता येणारी. लग्नाची बोलणी, बाळंतपण, उसनवारी. मरणाची एकही बातमी नाही. तसं कार्ड वाचून फाडून टाकायचं असतं, ते तारेत जात नाही. आणि खालच्या बाजूला एक कार्ड, ज्यावर साध्या टपालाचा शिक्का नव्हताच. फील्ड पोस्ट ऑफिसचा होता, शेजारी सेन्सॉरचा. दुसऱ्या महायुद्धात फौजेत गेलेल्या कुणीतरी तेल्हाऱ्याला ‘मी खुशाल आहे’ एवढंच कळवलेलं. युद्धाच्या टपालाचे संग्राहक वेगळे असतात आणि ते पैसे देतात.

काकू चुलीपुढून म्हणाल्या, ‘कामाचं हाये काय रे त्याच्यात काही? नसन तं घेऊन जाय.’

मी म्हणालो, ‘भोकं पडलेली आहेत काकू. पाहतो.’

मी खोटं बोललो नाही. भोकं पडलेलीच होती. मी पाचशेची नोट ठेवली. त्या नको नको म्हणाल्या, मग घेतली, वर चहा दिला. निघताना मी पाया पडलो.

पुढच्या दोन प्रदर्शनांत त्या तारेतून मला ६,४०० रुपये मिळाले. एकट्या युद्धाच्या कार्डाचे २,५०० आले, भोकासकट. बाकीची छोट्या गावांचे स्वच्छ शिक्के असलेली कार्डं, साठ, ऐंशी, शंभराने. शंभरेक कार्डं अजून तशीच पडून आहेत. रक्कम मोठी नाही. याच धंद्यात, तिकडे अमेरिकेत, १९५२ सालचं एक बेसबॉल कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. त्यापुढे माझे सहा हजार म्हणजे चहापाणी. पण प्रश्न रकमेने लहान होत नाही. उलट लहान रकमेतच तो नीट दिसतो, कारण ‘एवढ्या पैशांपुढे कुणाचाही पाय घसरला असता’ ही सबब तिथे चालत नाही.

आधी माझ्या बाजूचं सगळं मांडतो. ते खोटं नाही.

एक, मी गेलो नसतो तर ती तार रद्दीत गेली असती. दोन पोती गेलीच होती, किलोच्या भावाने. दोन, ते शिक्के ओळखायला मी दहा वर्षं घातली आहेत. पुस्तकं घेतली, फसलो, नकली शिक्क्यांना पैसे मोजले. त्या ज्ञानाची मजुरी नको? तीन, पुण्याचं टेबल, तिथे येणारी माणसं, दोन दिवस उभं राहणं, हे सगळं मी आणलं. खुंटीवर टांगलेल्या कार्डाला २,५०० रुपये किंमत नव्हतीच. ती त्या हॉलमध्ये तयार झाली.

चौथी सबब मी मनात लपवून ठेवली होती. ती सांगायला लाज वाटते. त्या वाड्यात अडत होती. माझे आजोबा कापसाची गाडी घेऊन त्याच ओट्यापुढे उभे राहत. बाहेरचा भाव ज्या कार्डांवर लिहून येई, ती ही कार्डं. ती आत तारेत ओवली जात आणि बाहेर आजोबांना जो सांगतील तो भाव. मग त्यांच्या सुनेला मी भाव सांगितला नाही तर फिटंफाट झाली की!

या चारही सबबी घेऊन मी आधी कायद्याकडे गेलो. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याचं १७ वं कलम फसवणुकीबद्दल आहे आणि त्याखाली गप्प राहण्याविषयी स्पष्टीकरण आहे. समोरच्याचा निर्णय बदलेल अशी गोष्ट माहीत असून नुसतं गप्प बसणं, ही फसवणूक नव्हे. मला हायसं वाटलं. पण त्याच वाक्यात पुढे दोन अपवाद आहेत: जिथे बोलणं तुमचं कर्तव्यच आहे, आणि जिथे तुमचं गप्प राहणंच बोलण्यासारखं आहे.

मग कायदा चार छोटी उदाहरणं देतो. त्यातली तीन एका दुखऱ्या घोड्याची आहेत. लिलावात घोडा विकला, खोट सांगितली नाही: फसवणूक नाही. तोच घोडा नुकत्याच सज्ञान झालेल्या स्वतःच्या मुलीला विकला: इथे नातंच असं आहे, की सांगायला हवं होतं. घेणारा म्हणाला, ‘तू नाही म्हणाला नाहीस तर मी घोडा चांगला समजेन,’ आणि विकणारा गप्प बसला: हे गप्प बसणं म्हणजे बोलणंच. चौथं उदाहरण दोन व्यापाऱ्यांचं. एकाला भाव बदलल्याची आतली बातमी आहे. ती दुसऱ्याला सांगायला तो बांधील नाही.

हे वाचताना मला दोन खोल्या दिसल्या. पहिलं आणि चौथं उदाहरण म्हणजे कर्वे रोडचा हॉल. दुसरं आणि तिसरं म्हणजे काकूंचं स्वयंपाकघर.

काकूंनी मला चक्क विचारलं होतं, कामाचं आहे का म्हणून. ‘नसेल तर घेऊन जा’ म्हणजे, तू नाही म्हणालास तर मी नाही समजेन. आणि मी भोकांबद्दल बोललो. मी निवडून खरं बोललो, आणि ते निवडणं फसवण्यासाठीच होतं. राहिली गोष्ट नात्याची. कायद्याच्या लेखी काकू माझ्या कुणी नाहीत. पण मी त्या घरात शिरलो ते कशाच्या जोरावर? एखादा अनोळखी डीलर दारात आला असता तर काकूंनी त्याला ओट्यावर उभं केलं असतं, शेजारच्या पोराला बोलावून फोनवर बघायला लावलं असतं, निदान हजार तरी मागितले असते. ‘काकू’ या एका शब्दाने हे सगळं टळलं. माझ्या दहा वर्षांच्या ज्ञानापेक्षा त्या सौद्यात जास्त कामाला आला तो हा शब्द. मी नात्याचं नाव घेऊन आत गेलो आणि बाजाराचा नियम लावून बाहेर आलो.

हा वाद फार जुना आहे. रोमचा सिसेरो इ.स.पू. ४४ मध्ये लिहिलेल्या कर्तव्यांवरच्या ग्रंथात एक गोष्ट मांडतो. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचं जहाज घेऊन पोचतो. मागून आणखी जहाजं येत आहेत हे त्याने वाटेत पाहिलं आहे. सांगितलं तर भाव पडेल. सांगावं का? डायोजेनीस नावाचा तत्त्वज्ञ म्हणतो, न सांगणं वेगळं आणि लपवणं वेगळं. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, माणसांनी एकमेकांच्या हिताचं बघायचं आहे, मग सांगायलाच हवं. सिसेरो शिष्याच्या बाजूने जातो.

माझं मत मधे कुठेतरी अडकतं. अँटिपेटरचा नियम हॉलमध्ये लावला तर प्रदर्शनच बंद पडेल. दोन दिवस खोकी चाळायला माणसं येतात ती नजरेचं बक्षीस मिळावं म्हणून, आणि तिथला प्रत्येक जण ते जाणून येतो. समोरच्या डीलरकडे भिंग आहे, पुस्तकं आहेत, शेजारच्या टेबलावर विचारायला माणूस आहे. त्याला कळू शकतं. आज कळलं नाही, एवढंच. काकूंना कळण्याचा रस्ता एकच होता, आणि तो मी होतो. मला वाटतं, फरक इथे आहे. समोरच्याला माहीत नाही, यावरून काहीच ठरत नाही. त्याला माहीत करून घेण्याची वाट होती का, आणि ती वाट माझ्याच अंगावरून जात होती का, यावरून ठरतं.

अमेरिकेतल्या एका प्रकरणाने माझ्या या मताची परीक्षा घेतली. १९९० मध्ये इलिनॉय राज्यात बारा वर्षांच्या एका मुलाने कार्डांच्या दुकानातून नोलन रायन या खेळाडूचं १९६८ चं कार्ड १२ डॉलरला घेतलं. किंमत होती १,२०० डॉलर. चिठ्ठीवरचा आकडा काउंटरवरच्या, या धंद्यात नवख्या, विक्रेतीने चुकीचा वाचला. मालकाने कोर्टात खेचलं. अर्धा देश मुलाच्या बाजूने, अर्धा मालकाच्या. शेवटी तडजोड झाली: कार्डाचा लिलाव करायचा आणि पैसे दानधर्माला द्यायचे. लोकांना हा शेवट गोड वाटला. मला तो पळवाटीसारखा वाटतो. प्रश्न होता, या दोघांत कोण कुणाचं काय देणं लागतो. पैसा तिसऱ्याला दिला की तो प्रश्न सुटत नाही, फक्त विचारायचा बंद होतो. मीही आधी हेच ठरवलं होतं: काकूंचे पैसे देवळाला देऊन टाकू. त्यात बरं हे होतं, की काकूंपुढे तोंड दाखवावं लागलं नसतं.

आता त्या चौथ्या सबबीकडे. वऱ्हाडाला हा प्रश्न रोमपेक्षा जवळून माहीत आहे. १८७० मध्ये खामगावला कापसासाठी रेल्वेचा फाटा आला, लॉर्ड मेयोच्या हस्ते. तारायंत्र आलं. जगाचा भाव आधी व्यापाऱ्याला कळू लागला, शेतकऱ्याला शेवटी. खरेदीदार आणि दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत. गाडीवाला शेजारी उभा, आणि त्याच्याच मालाचा भाव त्याला दिसत नाही. या देशातला पहिला नियंत्रित बाजार १८८६ मध्ये वऱ्हाडातच, कारंजाला सुरू झाला. पुढे १८९७ चा वऱ्हाडच्या कापूस-धान्य बाजारांचा कायदा आला, आणि खूप नंतर राज्याचा १९६३ चा बाजार समिती कायदा. उघड लिलाव, उघड वजन, फळ्यावर भाव. या सगळ्या खटाटोपाचा गाभा एकच होता: रुमाल काढा.

तरी माझ्या लहानपणी खेडा खरेदी होतीच. व्यापारी ट्रक घेऊन दारात यायचा. बाबांना ‘भाऊ’ म्हणायचा, पाणी मागायचा, आजीची तब्येत विचारायचा. मग म्हणायचा, ‘भाव पडून राह्यले भाऊ, आजच देऊन टाका.’ तो गेल्यावर बाबा फार वेळ काही बोलत नसत. मग एकदाच म्हणत, ‘त्याले मालूम होतं.’

काकूंच्या स्वयंपाकघरातला मी, म्हणजे तो ट्रकवाला होतो. पाणीसुद्धा प्यायलो होतो. आणि आजोबांचा हिशेब मी चुकता केला, हे तर साफ खोटं. आजोबांसाठी मी एक रुपया बाजूला काढला नव्हता. जुन्या अन्यायाची आठवण मला नफा खिशात टाकतानाच झाली, एरवी कधी झाली नव्हती. त्या अडतीत भाव दाबले ते सासऱ्याने. काकू त्या घरात सून म्हणून आल्या; तारेला हात लावायची मुभाही त्यांना तेव्हा नसावी.

पुढच्या खेपेला मी गेलो. वाड्याचा पुढचा भाग पाडला होता, ओटा उरला होता. मी सगळं सांगितलं: कोणतं कार्ड कितीला गेलं, टेबलाचं भाडं किती, माझे पाचशे किती. उरलेल्याचे निम्मे म्हणून तीन हजारांच्या थोडे खाली पैसे पुढे केले. निम्मेच का? माझ्याकडे गणित नाही. कार्डं त्यांची, ओळख माझी. दोन्हींतलं एक नसतं तर काहीच झालं नसतं, म्हणून निम्मे. मी मनात धरलं होतं, की त्या नको म्हणतील, डोक्यावरून हात फिरवतील आणि मी हलका होऊन घरी जाईन.

काकूंनी नोटा मोजल्या. दोनदा मोजल्या. मग म्हणाल्या, ‘मंग तवाच काहून नाई सांगतलं?’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. पैसे परत करता येतात, पण ज्या घडीला विचारलं होतं त्या घडीला दिलेलं उत्तर परत करता येत नाही. मी म्हणालो, ‘चुकलं काकू.’

त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग ओट्याकडे बघत म्हणाल्या, ‘तुये आजोबा याचे इथी भाव इचाराले. आमचे मामाजी सांगत नसत. म्या आतून आयकत असो.’ एवढंच. त्या कुणाला माफ करत नव्हत्या, मलाही नाही आणि मामाजींनाही नाही. जे झालं ते सांगत होत्या.

तेव्हापासून मी एक साधा नियम पाळतो. हॉलमध्ये माझा चेहरा अजूनही हलत नाही, आणि माझ्या खोक्यातून कुणी चांगलं कार्ड नेलं तर त्याला शाबासकी. पण कुणाच्या घरात गेलो, आणि विशेषतः काका-मामा-मावशी म्हणत गेलो, तर आधी कार्डं पसरून कोणती चांगली आहेत ते दाखवतो, किंमत सांगतो, मग सौदा. यात तोटा होतो. दोनदा घरच्यांनी किंमत ऐकून कार्डं परत कपाटात ठेवली. एकदा माझ्यासमोरच भाच्याने फोटो काढून दुसऱ्या डीलरला पाठवले, आणि माल त्याच्याकडे गेला. चहा मात्र मला मिळाला. तो आता प्यावासा वाटतो.

निघताना काकू म्हणाल्या, ‘माळ्यावरचा एक डबा निंगाला वाडा पाडताना. कार्डंच हायेत.’ मी उठलो. त्या उठल्या नाहीत.

‘आधी भाव सांग,’ त्या म्हणाल्या, ‘मंग दाखोतो.’

मी म्हणालो, पाहिल्याशिवाय भाव कसा सांगू? त्यावर आमची बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं ते असं, की डबा ओट्यावर उघडायचा, शेजारचं पोरगं फोन घेऊन बसेल, आणि मी एकेक कार्ड मोठ्याने वाचायचं.